आठ मीटर दहा

मी खोटं लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. त्यामुळं पुढं मी खरं बोलतोय यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्याची मला आता सवय झाली आहे.

माझं नाव महारुद्र. गाव हिवरखेडी, तालुका वाशी. गावाखालून खारणी नावाची नदी जाते आणि तिच्यात रोज किती पाणी आहे ते सरकारला कळवायचं काम मी बावीस वर्षं रोजंदारीवर केलं. काठावर सिमेंटचे सात खांब आहेत, एकापेक्षा एक उंचावर, आणि प्रत्येकावर आकडे लिहिलेली लोखंडी पट्टी. सकाळी आठला जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. पूर आला तर तासातासाला. कामाचं सरकारी नाव भारदस्त होतं, गावात मात्र मला पट्टीवाला म्हणत.

आता आमच्या वाशी-भूमकडची नदी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. ऑक्टोबरात पाणी, जानेवारीत डबकं, मार्चमध्ये पोरांचं क्रिकेट. अशा नदीचं पाणी मोजायला रोज सकाळी पेन घेऊन निघणाऱ्या माणसाकडं लोक कसं बघत असतील ते तुम्हीच ठरवा. पहिली चार वर्षं मी नेमानं गेलो. पाचव्या वर्षी माझ्या लक्षात आलं की पहिल्या खांबापाशी जे डबकं आहे त्यातलं पाणी कायम ०.३० ला असतं, आणि घरी बाजेवर बसून लिहिलं तरी ते ०.३० च येतं. मग मी बाजेवर बसून लिहू लागलो. एकदा तर पट्ट्या रंगवायला म्हणून वाशीला नेल्या. दीड महिना नुसते खांब उभे होते. त्या दीड महिन्यातही माझ्या रजिस्टरमध्ये रोज सकाळी आठ वाजता ०.३० आहे. पट्टीच नव्हती तर पाणी टेकलं कशाला, असं वरच्या ऑफिसातून कुणी विचारलं नाही. माझं रजिस्टर कुणी उघडत असेल असं मला तरी कधी वाटलं नाही.

मग आला दोन हजार पंचवीसचा सप्टेंबर. घट बसायला आठ दिवस होते. वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी सहाला मी काठावर गेलो तेव्हा पहिले तीन खांब पाण्यात होते. आठ वाजता चौथा गेला. गावाचा नळकांडी पूल कुठं होता ते ओळखू येईना. अकराला सातवा, म्हणजे शेवटचा खांब बुडाला आणि माझ्याकडं मोजायला काही उरलं नाही.

त्या वेळी घरी जाता आलं असतं. रजिस्टरमध्ये ‘पट्टी पाण्याखाली’ असं लिहिलं असतं तर मला कुणी फासावर दिलं नसतं. पण काय झालं कुणास ठाऊक, मला राग आला. बावीस वर्षं ह्या नदीनं माझं गावात हसं करून ठेवलं होतं, आणि आज मोजण्यासारखं पाणी आणलं तर पट्टीच गिळून टाकते! आज तुला मोजल्याशिवाय सोडत नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो. शेजारी बायको होती, तारामती. ती म्हणाली, “नदीला काय बोलताव, काय लागंल ते सांगा मला.”

तिच्या जुन्या लाल लुगड्याचे दोन झेंडे केले. काठ जिथं सरळ आहे तिथं वरच्या झेंड्यापाशी मी आणि पन्नास मीटर खाली दुसऱ्या झेंड्यापाशी ती. आमचे सरपंच आण्णासाहेब, त्यांची कडब्याची गंज सकाळीच वाहून निघाली होती आणि पेंड्या एकामागून एक येत होत्या. पेंडी माझ्यासमोर आली की मी मोबाइलवर घड्याळ सुरू करायचं, तिच्यासमोर गेली की तिनं ओरडायचं. तीनदा मोजलं. चौदा सेकंद, चौदा सेकंद, पंधरा सेकंद. आण्णासाहेबांचा कडबा गावाच्या उपयोगी पडल्याची तेवढी एकच घटना माझ्या माहितीत आहे.

तोवर पाणी खालच्या आळीत शिरलं होतं. तिथं नळाच्या पाण्याची टाकी आहे, उंच खांबांवरची. टाकीच्या शिडीला दोर बांधून तो मी कमरेला बांधला आणि छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलो. तारामती शिडीवर, हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर. पाणी इंचाइंचानं चढत होतं आणि मी टाकीच्या खांबावर खडूनं रेघा मारत होतो. एक वाजून वीस मिनिटांनी पाणी थांबलं. पंचवीस मिनिटं जागचं हललं नाही. मग दोन बोटं खाली आलं. जिथं थांबलं होतं तिथं मी सिमेंटच्या भेगेत खिळा ठोकला. आयुष्यात पहिल्यांदा आपण काहीतरी खरं मोजलं असं वाटलं आणि खरं सांगतो, पोटात अन्नाचा कण नसताना पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबाकडनं लेव्हलची नळी मागून आणली. ज्ञानोबा आमच्या गावचा गवंडी, पाणी भरलेल्या ह्या पारदर्शक नळीनं तो भिंतींची पातळी जुळवतो. नळीचं एक टोक तारामतीनं पाचव्या खांबाच्या पट्टीला धरलं, दुसरं मी पुढं पुढं नेत खिळ्यापर्यंत आणलं. आठ मीटर दहा सेंटिमीटर. पेंड्यांचा वेग धरून गणित केलं. सेकंदाला त्रेचाळीस हजार घनफूट, म्हणजे टीव्हीवर सांगतात तसे त्रेचाळीस हजार क्युसेक. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, वेळ टाकली, सही केली. पाणी खालच्या आळीच्या अंगणातून परत गेलं होतं. सोयाबीन गेलं, कडबा गेला, पूल गेला, पण वरचं सगळं गाव कोरडं होतं. मला आता एकच हवं होतं. माझा आठ मीटर दहा सरकारच्या पुस्तकात जावा.

चौथ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली. नवा पूल किती उंच करायचा ते ठरवायला इंजिनियर येणार होते. पाण्याच्या खुणा भिंतींवर जिथवर असतील तिथवर पाणी आलं असं ते धरतात आणि त्याच्यावर पूल काढतात, हे आण्णासाहेबांना पक्कं माहीत होतं. मागं एकदा वरच्या गावाला पूर आला होता तेव्हा तिथल्या बायकांनी घट बसायचे म्हणून सगळ्या भिंती धुऊन सारवून घेतल्या. इंजिनियरला एकसुद्धा खूण सापडली नाही आणि त्या गावाला बुटका पूल मिळाला. तो दरवर्षी बुडतो.

“म्हणून सांगतो,” आण्णासाहेब म्हणाले, “यंदा नवरात्राला कुणी भिंतीला पाणी लावायचं न्हाय.”

गावातल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. देवीच्या दिवसांत चिखलाच्या भिंती ठेवायच्या म्हणजे काय! पण पुलासाठी गप्प बसल्या. गोष्ट इथं थांबली असती तर मी पण गप्प बसलो असतो. पण भिंती न धुण्यातून गावाला पुढची कल्पना सुचली. खुणा ठेवायच्याच आहेत तर त्या जरा वर का असू नयेत? पूल तेवढाच उंच येईल.

रविवारी दिवसाउजेडी काम झालं. ज्ञानोबानं नदीतला गाळ बादलीत कालवला, केरसुणी घेतली आणि मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत चाळीस भिंतींवर रेघ ओढली. बाभळींवर उंच कडबा अडकवला. ज्ञानोबा हाडाचा कारागीर. चाळीस खुणा त्यानं नळी लावून एका पातळीत आणल्या आणि नदी उताराकडं जाते म्हणून खाली जाताना दोन-दोन बोटं उतारसुद्धा दिला. माझी खरी मोजणी आणि त्याची खोटी रेघ, दोन्ही एकाच नळीनं झाल्या. टाकीपाशी जाऊन बघतो तर माझा खिळा उपटलेला, भोक सिमेंटनं बुजवलेलं.

मी तसाच आण्णासाहेबांच्या दारात गेलो. “खिळा कुणी काढला?”

“गावाचं काम चालू हाय महारुद्रा, आन् तू खिळा काय घिऊन बसलास?”

“त्यो खरा व्हता.”

“खरा हाय, पण बुटका हाय,” आण्णासाहेब म्हणाले आणि आत चहा सांगितला. मी चहा न घेता आलो.

इंजिनियर मॅडम आल्या, हर्षाली नाव. वय तिशीच्या आत, डोक्याला टोपी, तीन पायांवरचं यंत्र स्वतः उचलणाऱ्या. बाई कामाला चोख होत्या. दोन दिवस उन्हात एकेक खूण यंत्रातून बघितली, पात्राची मापं घेतली, आणि खुणा इतक्या जुळतात म्हणून खूश झाल्या. गावानं पंचनामा करून दिला, पाणी मारुतीच्या पारावर दोन फूट चढलं होतं म्हणून. खाली एक्केचाळीस सह्या. पाण्याची पातळी निघाली नऊ मीटर सत्तर.

मी बाजूला नेऊन सांगितलं, “मॅडम, ते सगळं खोटं हाय. पाणी आठ मीटर दहाला थांबलं. म्या सोता पाण्यात उभा राहून तितं खिळा ठोकला व्हता, त्यो कुणीतरी उपटला.”

मी ज्ञानोबाचं नाव घेतलं नाही, गावात राहायचं होतं. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. मग माझी जुनी रजिस्टरं मागितली. मी अभिमानानं आणून दिली, मूर्खासारखा. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि तारखा लावून बघू लागल्या.

“काका, ह्या दीड महिन्यात पट्ट्या रंगवायला वाशीला होत्या. पोचपावती आहे माझ्याकडं.”

“व्हय.”

“मग रोज ०.३० कुठं वाचलंत?”

बावीस वर्षांत कुणीतरी माझं रजिस्टर वाचलं होतं, आणि ते असं.

“चाळीस खुणा एकमेकींशी जुळतात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत असावं. “तुमचा आकडा कशाशीच जुळत नाही. खिळा दाखवा म्हणावं तर खिळाही नाही.”

“माझी मालकीण संगं व्हती. तिनं झेंडा धरला व्हता.”

त्यांनी रजिस्टरं मिटून मला परत दिली. अहवालात लिहिलं की स्थानिक नोंद विश्वासार्ह नाही. मी नंतर तीन अर्ज केले, त्यांची पोच तेवढी मिळाली.

पंधरा दिवसांनी पेपरात आलं: हिवरखेडी इथं खारणीला अठ्ठ्याहत्तर हजार क्युसेकचा विक्रमी पूर. वरच्या गावाच्या पुरापेक्षा दुप्पट! आण्णासाहेबांनी तेरखेड्याहून फटाक्यांची माळ आणली आणि पारावर लावली, त्याच पारावर जिथं कागदोपत्री दोन फूट पाणी होतं. सोयाबीन गेलेली माणसं माळेभोवती टाळ्या वाजवत होती. आपल्या नदीनं नाव काढलं म्हणून ज्ञानोबानं पेढे वाटले. मला पण एक दिला.

डिसेंबरात नकाशा आला. त्यावर निळी रेघ होती. एवढा मोठा पूर येऊ शकतो, तर जिथवर पाणी येतं तिथवर बांधकामाला बंदी, असा सरकारचा नियम. निळी रेघ मारुतीच्या मागनं, शाळेच्या मागनं, आण्णासाहेबांच्या नव्या माडीच्या मागनं गेली होती. गाव सगळं रेघेच्या आत. मंजूर झालेली घरकुलं थांबली. संडास बांधायलाही परवानगी नाही. आणि पूल? एवढ्या पाण्यावरनं काढायचा तर तो इतका लांब झाला असता की त्यापेक्षा गाव उचलून माळावर नेणं सोपं पडेल, असा शेरा होता. पुनर्वसनाचा प्रस्ताव मागवला होता.

गावानं कपाळावर हात मारला. हरकती ऐकायला वाशीला सुनावणी ठेवली होती. पण हरकत घ्यायची तर काय म्हणून घ्यायची? पाणी इथवर आलं नव्हतं असं म्हणायचं तर खाली एक्केचाळीस सह्या होत्या. खुणा आम्हीच काढल्या म्हणायचं तर सरकारला फसवल्याबद्दल एक्केचाळीस जण आत.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी आण्णासाहेब आणि ज्ञानोबा माझ्या घरी आले. आण्णासाहेब माझ्या बाजेवर पहिल्यांदाच बसले होते. तारामतीनं पाणी दिलं.

“महारुद्रा, तुजा त्यो आकडा किती व्हता?”

“आठ मीटर दहा.”

“हां. त्योच खरा हाय. त्यो सरकारात गेला तर निळी रेघ खालच्या आळीपाशी येती. गाव वाचतंय.”

शेवटी गावाला कळलं, असं वाटलं. मग ते पुढं बोलले.

“तवा तू असं लिहून दे, का खुणा तूच लावल्या व्हत्या. गावाला ठावं नव्हतं. गावानं खुणा बगून भाबडेपणानं सह्या केल्या. आता तुला पस्तावा झाला.”

“म्या?”

“तुजं रजिस्टर तसंबी खोटंच हाय की,” ज्ञानोबा समजुतीनं म्हणाला. “सरकारला लगीच पटंल.”

मी उठून उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. ज्या माणसांनी माझा खिळा उपटला ती माझ्याच बाजेवर बसून मला चोर व्हायला सांगत होती, आणि सांगताना तारामतीनं दिलेलं पाणी पीत होती. मी खरं बोललो तेव्हा खोटा ठरलो होतो, आता तेच खरं चालायला मला खोटं बोलावं लागणार होतं. मी दमलो तेव्हा आण्णासाहेब म्हणाले, “तुजं घरबी रेघंच्या आतच हाय,” आणि चपला घालून गेले.

संध्याकाळ झाली. तारामतीनं भाकरी थापता थापता विचारलं, “लिहून दिलं तर आकडा पुस्तकात जाईल का?”

“जाईल. पन नोकरी जाईल. आन् नाव जाईल.”

“नाव कुठं व्हतं?” ती म्हणाली. मग तव्यावरची भाकरी उलटून, “म्याबी त्या दिवशी शिडीवर उभी व्हते. ते का नऊ मीटर सत्तर म्हणून ठिवायचं? लिहा. पर आकडा नीट लिहून घ्या. एक वाजून वीस मिंटं, हे बी लिहायला लावा.”

वाशीला तहसीलमध्ये मोठे साहेब बसले होते, शेजारी हर्षाली मॅडम. मी कागद दिला. साहेबांनी वाचला आणि माझ्याकडं असं बघितलं की माझे कान तापले. मागं बाकांवर गावची एक्केचाळीस माणसं भाबड्या चेहऱ्यानं बसली होती.

मॅडम म्हणाल्या, “काका, पाणी कुठवर आलं होतं?”

“आठ मीटर दहा. दुपारी एक वाजून वीस मिंटं.”

“आणि खुणा?”

“म्या लावल्या.”

“चाळीस खुणा? एका पातळीत? तुम्ही?” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं. पण त्यांच्यासमोर सहीचा कागद होता आणि त्यातून त्यांचाही अहवाल दुरुस्त होत होता. त्यांनी लिहून घेतलं. मी म्हणालो, “एक वाजून वीस लिवलंत का?” त्यांनी कागद माझ्याकडं फिरवून दाखवला.

मार्चमध्ये पत्र आलं. उच्चतम पूरपातळी ८.१० मीटर, वेळ १३.२० वाजता, ही नोंद ग्राह्य धरण्यात येत आहे. दुसऱ्या परिच्छेदात माझी रोजंदारी बंद केल्याचं होतं, पुराच्या खुणांमध्ये फेरफार केल्याची कबुली दिल्यामुळं. निळी रेघ खालच्या आळीपाशी आली. घरकुलं सुरू झाली. आठ मीटर दहाला उंच पुलाची गरज नाही म्हणून जुन्या जागी जुन्यासारखाच नळकांडी पूल मंजूर झाला, पाईप तेवढे नवे.

परवा त्या पुलाचं काम बघायला काठावर गेलो होतो. ज्ञानोबा तिथं मिस्त्री म्हणून लागला आहे. पाईपाच्या सांध्याला सिमेंट भरता भरता त्यानं मान वर केली.

“लई वाईट केलंस गड्या,” तो म्हणाला. “तू त्या खुणा लावल्या नसत्यास तर मॅडम आपल्या बाजूनं राहिली असती. पूल उंच आला असता.”

मी आधी हसलो. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

“ज्ञानोबा, गाळाची बादली कुणाच्या हातात व्हती?”

“कसली बादली?” तो म्हणाला. शेजारचे दोघं मजूरही माझ्याकडं बघायला लागले. त्या दोघांच्या सह्या पंचनाम्यावर आहेत. एक जण म्हणाला, “जाऊ द्या काका, झालं ते झालं. गावानं तुमाला माफ केलंय.”

मी घरी आलो आणि तारामतीला सगळं सांगितलं. ती निवडत होती ते तांदूळ तसेच ठेवून उठली, देवामागं ठेवलेलं पत्र काढून माझ्या हातात दिलं.

“वाचा,” ती म्हणाली.

“कितीदा वाचू?”

“आकडा वाचा नुसता.”

मी वाचला. आठ मीटर दहा. तिनं मान हलवली आणि परत तांदूळ निवडायला बसली. मला रागानं रडू आलं, आणि ते तिनं बघू नये म्हणून मी पत्र तोंडापुढं धरून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.